मावशीचं चांदण्यावरचं सोलर

माझ्या बायकोच्या मावशीने आजवर एकही गोष्ट जशी घडली तशी सांगितलेली नाही, आणि आमच्या इमारतीत आजवर तिच्या एकाही गोष्टीवर कोणी अविश्वास दाखवलेला नाही. माझी गत बरोबर उलटी. मी उभी हयात एका सरकारी कार्यालयात वीजबचतीचा प्रचार करण्यात घालवली. पुस्तिका लिहिल्या, भित्तिपत्रकं काढली, शाळाशाळांतून भाषणं केली, आणि तपासून घेतल्याशिवाय एक वाक्य छापू दिलं नाही. माझ्या शब्दाखातर कोणी एखादा पंखा बंद केल्याचं मला तरी ठाऊक नाही. मावशी मात्र जिन्यात बसून जवळा निवडता निवडता काहीतरी पुटपुटते आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवरचे नको असलेले दिवे मालवलेले असतात. वडीलधाऱ्यांचा हेवा करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना ही मावशी नव्हती.

मावशी मूळची मालवणकडची. संसार लालबागच्या चाळीत झाला आणि गिरणी बंद पडल्यावर मुलाच्या नोकरीमागून ती मुलुंडला आली. आमच्याच इमारतीत, आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर. चाळ सुटली तरी चाळीचा व्हरांडा तिच्या अंगातून गेला नाही. ब्लॉकमध्ये तिचा जीव गुदमरतो, म्हणून सकाळची कामं आटपली की ती सूप घेऊन जिन्याच्या वळणावर येऊन बसते. लिफ्ट असूनही आमच्याकडचे निम्मे लोक जिन्याने जातात ते तब्येतीसाठी नव्हे, आज मावशीकडे काय नवीन आहे ते कळावं म्हणून. एका अर्थी वीज तिथूनच वाचायला सुरुवात होते.

मावशी कोणालाही कधी काही करा म्हणून सांगत नाही. ती फक्त नाहूरच्या एका बाईची हकिकत सांगते. ही नाहूरची बाई कोणीही पाहिलेली नाही. नाहूर आमच्यापासून एका स्टेशनाच्या अंतरावर, कोणीही उठून चौकशी करून आलं असतं, पण तशी गरजच कोणाला भासली नाही. त्या बिचारीने जगातल्या सगळ्या चुका करून ठेवल्या आहेत. तिने मोबाइलचा चार्जर रात्रभर भिंतीत तसाच ठेवला तर तिची सून रुसून माहेरी गेली. तिने नळ ठिबकत ठेवला तर मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं. चार्जरचा आणि सुनेचा संबंध काय, असं मी एकदा सर्वांसमक्ष विचारलं. मावशीने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि बाकीच्यांनी तर अशा नजरेने पाहिलं की जणू मीच सुनेला छळून माहेरी धाडलं होतं. त्या दिवसापासून आमच्या इमारतीत एकही चार्जर रिकामा भिंतीत दिसत नाही. माझी त्या विषयावरची पुस्तिका मात्र दिसते. पहिल्या मजल्यावर कपाटाचा पाय लंगडत होता, त्याच्याखाली.

एसीचं तर मला आजही आठवलं की झोंबतं. एसी चोवीसवर ठेवा, हे माझं आवडतं घोषवाक्य. मुखपृष्ठावर मोठा थोरला चोवीसचा आकडा, खाली हसरं कुटुंब. एका उन्हाळ्यात मावशी सहज म्हणाली की चोवीसच्या खाली गेलं की गुडघे धरतात. झालं. पुढच्याच आठवड्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मला फाटकाशी गाठून आपुलकीने म्हणाले, "काका, एसी चोवीसच्या खाली लावत जाऊ नका हां. गुडघ्यांची वाट लागते. मावशी सांगत होत्या." मी त्यांना सांगायला गेलो की हा आकडा मी गेली कित्येक वर्षं सांगतोय. ते म्हणाले, "तुम्ही विजेचं सांगत होता ना? हे गुडघ्यांचं आहे."

बरं, तिचं सगळंच थापा म्हणून उडवून द्यावं तर तेही जमत नाही. आमच्या मागे खाडी. थंडीत तिथे रोहित पक्षी उतरतात, आणि त्याच काठावर लोक निर्माल्य, थर्माकोल, जुन्या गाद्या, काय वाटेल ते टाकतात. मी एक फलक लिहून दिला होता. कांदळवनांचं परिसंस्थेतलं स्थान, भरतीओहोटी, जैवविविधता, सगळं त्यात होतं. लोकांनी त्या फलकाच्या आडोशाला कचरा टाकायला सुरुवात केली, कारण तिथे कोणी बघत नसे. मावशीने एकदा गच्चीवरून ते गुलाबी थवे पाहिले आणि खाली येऊन बायकांना म्हणाली, ह्यो माहेरवाशिणी हत, वर्षातसून एकदा येतत, त्यांच्या ताटात कोण केर टाकता? मला यात कुठलीही थाप सापडली नाही. मी ती पुष्कळ शोधली. आमच्या इमारतीतल्या बायका आता निर्माल्य घरच्या कुंडीत घालतात आणि थंडी पडली की एकमेकींना विचारतात, आल्या का गं? हे वाक्य मला सुचायला हवं होतं. मला पगार त्याचाच मिळत होता.

निवृत्त झालो तेव्हा मी मनाशी एकच धरलं होतं. आपल्या इमारतीच्या गच्चीवर सोलर बसवायचं. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, सगळं उन्हावर. सरकारचं धोरण अनुकूल, अनुदान मिळणारं, आणि जन्मात एक तरी काम आपल्या बोलण्याने झालेलं डोळ्यांनी पाहावं एवढी माझी हाव. मी सोसायटीच्या सभेत पडद्यावर चित्रं दाखवून सगळं समजावलं. आलेख संपले तेव्हा जागे असलेले लोक चहाचं विचारत होते. पुढच्या सभेत पुन्हा सांगितलं. विषय पुन्हा पुढे ढकलला गेला. का, ते कोणी बोलेना. शेवटी बायकोने सांगितलं की गच्ची मावशीची आहे. म्हणजे कागदावर सोसायटीची, पण एप्रिल-मे महिन्यांत तिथे मावशीची कोकमं, फणसाची साठं आणि बांगडे वाळतात, आणि मावशीचं ऊन काढून घेणाऱ्याच्या बाजूने हात वर करायची कोणाची छाती नव्हती.

तेव्हा मी जिन्यात गेलो आणि तिच्या खालच्या पायरीवर बसलो. एवढा वेळ माझं बोलणं न जांभई देता ऐकणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं. तिने जवळाही बाजूला ठेवला. मग तिने एकच विचारलं, की सावली किती पडणार. मी खोटं बोलत नाही. पडेल, म्हटलं, जवळजवळ सगळ्या गच्चीवर. तिने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं आणि ती म्हणाली, "जावयांनू, तुमी सांगतास ता खरा असता. पण घराक जावन दुसऱ्याक सांगण्यासारखा त्यात कायच नसता."

नंतर आठवडाभरात नाहूरच्या बाईच्या सोसायटीत सोलर बसलं. तिचं नशीब जन्मात पहिल्यांदा फळफळलं. लिफ्ट अडकेनाशी झाली, वरच्या मजल्यावरचे ब्लॉक माठासारखे थंड पडले, माहेरी गेलेली सून परत आली. आणि कळस म्हणजे ते सोलर चांदण्यावरही चालतं, कोजागिरीला तर एवढी वीज होते की दूध आटवायला गॅस लागत नाही. इमारतीचा रंगच पालटला. ज्यांनी माझ्या आलेखांपुढे डुलक्या काढल्या ते मला लिफ्टमध्ये थांबवून विचारू लागले, "काका, सोलरचं काही ऐकलंत की नाही? झकास प्रकार आहे. मावशींना विचारा, त्या सांगतील नीट." मी हसून मान डोलवत होतो आणि आतून जळून कोळसा होत होतो.

रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये सभा भरली. ठराव मांडला गेला, हात वर जायला लागले, आणि सेक्रेटरी उत्साहाने म्हणाले की रात्रीचाही प्रश्न नाही, चांदण्यावर चालतंच. मला गप्प बसता आलं असतं. चांगला जमून आला होता सगळा डाव. पण ते माझं सोलर होतं, आणि ते तिच्या चांदण्यावर पास होत होतं. मी उठलो आणि म्हणालो की हे साफ चूक आहे, चांदण्यावर काहीही चालत नाही. वर गेलेले हात हळूहळू खाली आले. कोणी म्हणालं, मग रात्री लिफ्ट बंद? कोणी म्हणालं, मग बाकीचं तरी खरं कशावरून? मी नेट मीटरिंग, म्हणजे दिवसा उरलेली वीज कंपनीला देऊन रात्री परत घेणं, समजावू लागलो आणि माझ्याच डोळ्यांदेखत माझ्या जन्माच्या हौसेवर पाणी पडताना दिसू लागलं.

मावशी मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. ती उठली. "जावय सांगतत ता खरा," ती म्हणाली. "चांदण्यान काय एक होवचा नाय. ता माझ्या पदरचा. इतकी वर्षा ते खराच सांगतत, तुमी कोण आयकूक नाय. म्हणान माका खोटा बोलाक लागला. आता हात वर करा."

सगळे हसले. मग हसू ओसरलं आणि हात वर गेले. मी घरी आल्यावर बायकोला विचारलं की स्वतःचं ऊन घालवून तिने हे का केलं असेल. बायको भाजी चिरत होती. म्हणाली, "तुमचं तोंड बघवलं नसेल तिला. दोन सभा झाल्या, तुम्ही धड जेवत नव्हता."

आता गच्चीवर सोलर आहे आणि कोकमं बाजारातून येतात. पण त्या सभेपासून एक गोष्ट बदलली. लोक मावशीचं ऐकतात, हसतात, आणि मग वर येऊन आमची बेल वाजवतात. मावशी असं असं म्हणाल्या, खरं आहे का हो? जन्मभर ज्याची वाट पाहिली ते माझ्या दारात उभं असतं. मी खरं काय ते सांगतो, ते आभार मानतात, आणि घरी जाऊन त्यांना जे करायचं तेच करतात. परवा खालून वर येताना पाहिलं तर जिन्यातले दिवे भरदुपारी जळत होते आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मावशी पूर्वीसारखीच वळणावर बसते, पण बोलते कमी. समोरच्याची नजर आमच्या दाराकडे वळलेली तिला दिसत असणार.

काल मी जिना उतरत होतो. मावशी बसली होती, आणि तिच्यापुढे तिसऱ्या मजल्यावरची नवी सून उभी होती. मला पाहताच तिने विचारलं, "काका, मावशी म्हणतात गीझर चालू राहिला की बाईचे केस गळतात. खरं आहे का?" मावशीने मान वर केली नाही. सुपातला जवळा उगाच इकडचा तिकडे करत राहिली. मी आयुष्यात तपासून घेतल्याशिवाय एक वाक्य बोललो नव्हतो.

"अगदी खरं आहे," मी म्हणालो. "मी स्वतः वाचलंय."

पोरगी वेणीला हात लावत तरातरा वर पळाली, आणि वरच्या मजल्यावर बटण खट्कन बंद झाल्याचा आवाज खालपर्यंत आला. मावशीने सूप थोडं सरकवून पायरीवर मला जागा करून दिली. मी बसलो. इतकी वर्षं वीजबचतीवर लिहिलं, पण केसांचं मला कधी सुचलं नसतं.