फिरत्या स्क्रीनचा लॅपटॉप घ्यावा की नाही

मी वाचोपचार करते. नव्वदच्या दशकात मुंबईहून शिकून नाशिकला परत आले, तेव्हा हे काय असतं ते सांगण्यातच निम्मा वेळ जायचा. बोबडं बोलणाऱ्या मुलांना आया घेऊन यायच्या. पण अर्धांगवायूने वाचा गेलेल्या मोठ्या माणसांवरही उपचार होतात, हे लोकांना पटायला बरीच वर्षं लागली. अशा पेशंटांच्या घरी मीच जायचे. खांद्याला जड पिशवी, तिच्यात चित्रांची कार्डं. चेंडू, मांजर, छत्री. मी कार्ड धरायचं, पेशंटने नाव सांगायचं. नाहीच जमलं तर नुसतं बोट ठेवायचं.

दोन हजार पाचच्या आसपास एका परिषदेत मी पहिल्यांदा तो लॅपटॉप पाहिला. त्याची स्क्रीन गर्रकन फिरवून कीबोर्डवर उताणी झोपवता यायची आणि मग त्यावर पेनने लिहिता यायचं. माझ्याकडे साधा लॅपटॉप होता, पण तो पेशंटपुढे उघडला की झाकण आमच्या दोघांमध्ये भिंतीसारखं उभं राही. हा मात्र पाटीसारखा पलंगावर ठेवता येईल, असं वाटलं. नाशिकला आल्यावर डोक्यात दुसरं काही नव्हतं.

कॉलेज रोडवरच्या ओळखीच्या दुकानदाराकडे तसा एक नमुना आला होता. किंमत ऐकून मी तो परत काउंटरवर ठेवला. तेवढ्या पैशांत आमची जुनी मारुती बदलता आली असती.

"चार दिवस घेऊन जा, मॅडम," तो म्हणाला. "वापरून बघा. नाही आवडलं तर परत आणा."

तेव्हा माझे एक पेशंट सायखेड्याला होते. साठीचे शेतकरी, द्राक्षबाग आणि कांदा करणारे. उजवी बाजू लुळी पडली होती आणि बोलणं गेलं होतं. बोलणं म्हणजे ठरवून बोललेले शब्द. शिव्या मात्र स्वच्छ यायच्या. या आजारात असं होतं, हे मी घरच्यांना समजावलं होतं, तरी त्यांची बायको दर वेळी पदर तोंडाला लावायची. कार्डांचा त्यांना मनापासून राग होता. मांजराचं चित्र दाखवलं की एक शिवी हासडून तोंड फिरवत.

"पोरासोराचे चित्रं दाखवत्यात म्हणून चिडत्यात ते," बायको म्हणायची. "तुमी नका मनावर घेऊ, ताई."

असं मशीन मिळालं तर चित्रं लागतील, म्हणून आधीच्या भेटीतच मी नवऱ्याच्या डिजिटल कॅमेऱ्यावर त्यांच्याच घरातले फोटो काढले होते. ट्रॅक्टर, बाग, चुलीवरचा तवा, दारातली म्हैस, बायको. ते सगळे लॅपटॉपमध्ये घातले आणि सायखेड्याला गेले.

त्या दिवशी लोडशेडिंग होतं. आत अंधार, म्हणून त्यांना पडवीत खुर्चीवर बसवलेलं. बॅटरी होती, मला काळजी नव्हती. मी स्क्रीन फिरवली, उताणी झोपवली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. ते वाकून बघू लागले आणि एकदम थिजले. बाहेरच्या उजेडात फोटो दिसतच नव्हता. त्या काळ्या चकचकीत काचेत त्यांना त्यांचा स्वतःचा चेहरा दिसत होता, एका बाजूला ओघळलेल्या तोंडाचा. झटका आल्यापासून घरच्यांनी त्यांच्यापुढे आरसा धरला नव्हता, हे मला नंतर कळलं. त्यांनी डाव्या हाताने लॅपटॉप ढकलला. मी तो कसाबसा झेलला. ते रडत होते.

बायको धावत आली. तिने पदराने त्यांचं तोंड पुसलं, मग गाल, मग पुन्हा तोंड. "काय नाय झालं," ती म्हणत राहिली. "काय नाय."

मला सगळं गुंडाळून निघून जावंसं वाटलं. पण थोड्या वेळाने त्यांनीच घराच्या दिशेने मान हलवली. आम्ही दोघींनी धरून त्यांना आत पलंगावर नेलं. आतल्या अंधारात स्क्रीन लख्ख दिसत होती. मी पेन हातात दिलं, ते त्यांनी टाकून दिलं. मग नुसतेच फोटो दाखवत गेले. ट्रॅक्टर आला. ओठ हलले, आवाज नाही. म्हैस आली. मग बायकोचा फोटो आला, कपाळावर आठ्या घातलेला.

"म्हातारी," ते म्हणाले.

स्पष्ट. शिवी सोडून पहिला शब्द.

"आता गं बया!" बायको हसायला लागली आणि हसता हसता खाली बसली. "चाळीस वर्षांत असं कधी नाय म्हणले!"

मी घरी आले ती निर्णय घेऊनच. जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "घेतेय मी तो लॅपटॉप."

तो बँकेत होता, कर्जाचे अर्ज तपासण्याची सवय. त्याने विचारलं, "ते कशाला बोलले? मशीनला की फोटोला?"

"फोटोला."

"आणि पेन?"

"टाकून दिलं."

"मग फोटो छापून ने ना."

मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं आणि मला ते मशीन हवं होतं. दोन दिवस मी इतर पेशंटांवर प्रयोग करून पाहिले. हातावर धरून मनगट दुखलं. पेनने लिहिलेलं इंग्रजी त्या मशीनला वाचता येई, मराठी नाही. चौथ्या दिवशी लॅपटॉप मी दुकानात परत केला. दुकानदार हिरमुसला. "पुढचं मॉडेल हलकं येणार आहे, मॅडम," म्हणाला. मी हो म्हटलं, पण घेतला नाही.

मोठे, चकाकी नसलेल्या कागदावरचे फोटो स्टुडिओतून छापून आणले. पुढे प्रत्येक पेशंटच्या घरी पहिल्या भेटीत कॅमेरा नेऊ लागले.

सायखेड्याला मी जवळजवळ वर्षभर गेले. त्यांचे पंधरा-वीस शब्द परत आले. वाक्य असं कधी जमलं नाही. गडी-माणसांना बागेतली कामं ते एक-दोन शब्दांत आणि हाताने सांगत आणि ती होत. एका दुपारी मी छापलेले फोटो बाहेर काढायला पिशवी उघडली, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"बास," ते म्हणाले. आणि बायकोकडे बघून, "च्या."

आम्ही चहा प्यायलो. त्यानंतर मी तिथे उपचारासाठी गेले नाही.