चारचौघांत सांगण्याजोगा आजार

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या सोसायटीत मुलांचं व्हिटॅमिन डी कमी असणं ही एक प्रतिष्ठा आहे. दोन टॉवरच्या मधे, पार्किंगच्या छतावर सकाळी अर्धा तास ऊन पडतं. तिथे आम्ही पुण्या-मुंबईच्या आया आपापली पोरं वाळवणासारखी पसरून उभ्या असतो. "आमचीचं फारच लो आलं बाई," हे सांगताना चेहरा असा खुलतो, जणू मुलीला स्कॉलरशिप मिळाली. मग सल्ले सुटतात. काचेतून आलेलं ऊन खरं नव्हे, मशरूम उन्हात ठेवून त्यांची भाजी करा. दिवसभर एसीत बसणाऱ्या बायका उन्हाच्या जाती सांगू लागल्या की मला आता हसू येतं. तेव्हा मी मोबाइलमध्ये टिपून घेत होते.

माझ्या आठ वर्षांच्या मुलीला दमा आहे. डॉक्टरांनी रोजचा पंप दिला होता, आणि धाप लागलीच तर वापरायला एक निळा पंप कायम जवळ ठेवायला सांगितला होता. पुढे रक्त तपासलं तेव्हा डीही कमी निघालं. त्याची पावडर आठवड्यातून एकदा दुधातून द्यायची होती. "पण याने दमा जाईल या भरवशावर राहू नका," असं त्यांनी बजावलं होतं.

पंप आम्ही बंद केला नाही, शिकलेली माणसं ना आम्ही! दमा हा शब्द तेवढा बंद केला. सासूबाईंनी पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. "आमच्या घराण्यात कुणाला दमा नाही. उद्या पोरीचं लग्न करायचंय, चारचौघांत बोलू नका." लग्न! पोरीचे दुधाचे दात अजून पडतायत. नवरा ऑफिसात पारदर्शकतेवर भाषणं ठोकतो. तो म्हणाला, "आईचा पॉइंट बरोबर आहे. डी कमी आहे म्हणायचं. खोटं थोडंच आहे?" मी तरी कुठली वाघीण? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही गप्प बसले. शाळेच्या फॉर्मवर आजाराच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'व्हिटॅमिन डीची कमतरता' लिहिलं आणि निळा पंप एका मोज्यात घालून दप्तराच्या तळाशी ठेवला.

स्पोर्ट्स डेच्या सरावाच्या दिवशी शाळेतल्या आयाबाईंचा फोन आला. त्या बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांच्या मराठीची मी सोसायटीत नक्कल करून दाखवत असे.

"अक्का, तुमची पोर लई धापतीया. मिसनी फॉर्म बघून उन्हात बसवलंय तिला, डी कमी हाय म्हणून. मला काय सरी वाटंना, बरं दिसंना. लवकर या."

शाळा दोन गल्ल्या पलीकडे. मी घरातल्या चपलांवरच धावले. मैदानात धुरळा उडत होता आणि मधोमध खुर्चीवर, भर उन्हात, माझी मुलगी. खांदे कानापर्यंत चढलेले, गळ्याशी खड्डा पडत होता. तिची मिस प्रेमाने पाठ चोळत होती. "डोन्ट वरी मॅम, थोडा और धूप में बैठेगी तो ठीक हो जाएगी." तिला काय बोल लावणार? ती माझंच अक्षर वाचून वागत होती. दप्तर मुलीच्या पायाशीच पडलेलं होतं. मी मोज्यातून पंप काढला, तोंडाला लावून दिला, आणि तिला उचलून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. मला स्वतःची किळस आली होती.

तिथले डॉक्टर अनोळखी, पण माणूस मायाळू. नेब्युलायझरचा मास्क जोडता जोडता त्यांनी थेट तिलाच विचारलं, "बेटा, अस्थमा है क्या?"

तिला श्वास पुरत नव्हता. तरी तिने आधी माझ्याकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "यांना सांगायचं?"