हेडमास्तरांचा मंगळ

"कोन्त्या सालचा तू?" नाव विचारायच्या आधी भगतकाका हे विचारत. साल सांगितलं की म्हणत, "अच्छा, म्हंजे वाघ," नाहीतर, "माकड. मले वाटलंच." कळंबच्या जिनिंगमध्ये ते कापसाचे ग्रेडर होते. रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, चिमूट दोन अंगठ्यांत ओढून धाग्याची लांबी सांगत. मी तिथेच वजनकाट्यावर कारकून. यवतमाळच्या बसस्टँडवर त्यांना चिनी राशींची एक हिंदी पुस्तिका मिळाली होती. बारा वर्षं, बारा जनावरं. कापसाचे भाव पडलेले, गाड्या येईनात, वेळच वेळ. हमालांपासून मालकापर्यंत त्यांनी कुणाला सोडलं नाही. मला उंदीर केलं, त्याचा मला अजून राग आहे.

गंमत म्हणजे, काकांच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हाच त्यांच्या घरातून पत्रिका-पंचांग गेलं होतं. "मग हे चिनी खूळ कशाला?" मी चिडायचो. ते म्हणत, "टाइमपास हाय बाबू. इश्वास ठेव म्हून थोडीच सांगून राह्यलो?"

आमच्या घरात मात्र तेव्हा जीव टांगणीला लागला होता. माझी बहीण सुनंदाताई पत्रिकेने मंगळी. त्यावरून तीन स्थळं मोडली. चौथा मुलगा राजूरचा, खाणीत नोकरीला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, आणि त्याच्या आईने पत्रिका मागितली. आमच्या आईचं जेवण सुटलं. ताई घासलेली भांडी पुन्हा घासत बसायची.

शेवटी आईनेच काकांना घरी बोलावलं. "तुमच्या चिन्यायचं तरी पाहा, भाऊजी."

काकांनी दोघांची सालं विचारली. "पोरगा साप, सुनंदा कोंबडा. लय मस्त जमते."

"अगं माय! साप तं कोंबडी गिळते न!"

"चीनमधी नाही गिळत, वहिनी."

ताई कितीतरी दिवसांनी हसली. काकांनी सहज विचारलं, "साल पक्कं हाय न?"

"शाळेतलं हाय. एक जुलै. पोरगी लवकर शाळेत बसावी म्हून हेडमास्तरनं लिवलं. खरी थे पुढच्या सालची, तान्ह्या पोळ्याची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची."

काका पुढे सरकले. "अन् पत्रिका कशावरून केली?"

"त्याच दाखल्यावरून. वेळ गुरुजीनं अंदाजानं टाकली."

काकांनी कपाळावर हात मारला. "वहिनी, हा मंगळ पोरीचा नाही, हेडमास्तरचा हाय! अर्धी शाळा मंगळी असन त्यायची!"

आई दुसऱ्याच दिवशी राजूरला गेली आणि सगळं खरं सांगून आली. मुलाची आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "आमचाबी एक जुलैचाच हाय वं!" लग्न झालं. मांडवात काका मला म्हणाले, "कापसाच्या गाठीवरची चिठ्ठी वाचून ग्रेड देत नसते, बाबू. रुई हातात घ्या लागते." चिठ्ठी मराठी असो की चिनी, हे ते बोलले नाहीत, पण मला समजलं.

पुढे जिनिंग बंद पडलं. दोन वर्षांनी काका गेले. ताई राजूरहून आली, बाप गेल्यासारखी रडली. फोटोखाली लिहायला त्यांच्या मुलाने दाखला काढला. जन्मतारीख, एक जुलै. आम्हाला रडता रडता हसू आलं.

डोळे पुसत ताईने विचारलं, "काकांचं जनावर कोन्तं होतं रे?"

गावभर सगळ्यांना साल विचारत फिरलेल्या त्या माणसाला मी ते एकदाही विचारलं नव्हतं.