कढईवरची पेटी

नेटवर्कवाल्याला घाणीची भारी किळस, आणि धंदा असा की घाणीत हात घातल्याशिवाय पान हलत नाही. छतांच्या पोकळ्या, जिन्याखालची कोंदट कपाटं, वाळून गेलेल्या पाली. तरी मेहुण्याच्या हॉटेलातली, सगळ्या वायरी जोडणारी नेटवर्कची पेटी पाहून त्याने नाक मुरडलंच. वायर वाचावी म्हणून मेहुण्याने ती परस्पर कढईच्या डोक्यावर हलवली होती. तिच्यावर बोटभर चिकट थर, आत उबेला आलेली झुरळं.

हॉलमधल्या ऑर्डरी स्वयंपाकघरातल्या पडद्यावर पोचत नव्हत्या. "दाजींनी कामात खोट ठेवली," असं मेहुणा घरभर सांगत सुटला होता. भाऊ खरा की नवरा, हे बघायला आज बायकोही सोबत आली होती.

"दाजी, नाक काय मुरडताय? तुमचीच वायरिंग आहे."

पेटीवरचे सगळे दिवे पिसाटासारखे लुकलुकत होते. एकाच वायरची दोन्ही टोकं त्याच पेटीत खोचलेली.

"हे कोणी केलं?"

"मीच. टोक कढईवर लोंबत होतं. भोक मोकळं दिसलं, बसवून टाकलं."

नेटवर्कवाल्याने कपाळावर हात मारला आणि बायकोला सांगितलं, "ही पेटी पत्ता बघून निरोप पोचवते. पत्ता ठाऊक नसला की सगळ्या दारांवर हाक मारते. या वायरीतून तिचीच हाक तिच्याकडे परत येते. तिला वाटतं, नवा निरोप आला. की पुन्हा हाक! त्या कालव्यात खरी ऑर्डर कुठून पोचणार?"

"अगदी तुझ्यासारखं की रे," बायको भावाला म्हणाली.

नेटवर्कवाल्याने स्टुलावर चढून, श्वास रोखून एक टोक उपटलं. दिवे शांत झाले, अडकलेल्या ऑर्डरी पडद्यावर धडाधड उतरल्या.

"बघ ताई, हात लागताच चाललं. ढिलंच होतं यांचं."

नेटवर्कवाल्याने टोक परत खोचलं. दिवे पिसाटले, पडदा गोठला. तो स्टुलावरून उतरला.

"चढ. आता तू काढ."

"मी? त्या झुरळांत?"

"ढिलं असलं तर आपसूक निघेल."

"अहो मालक, ऑर्डर!" आचारी ओरडला.

मेहुणा चढला, तोंड फिरवून हात घातला. एक झुरळ सरळ बाहीत शिरलं. बोंब ठोकत तो वायरीसकट खाली आला. पडद्यावर ऑर्डरी पुन्हा उतरू लागल्या.

"ढिलं नव्हतं," तो पुटपुटला.

"मोठ्याने," बायको म्हणाली. "आईला फोन लावलाय."

नेटवर्कवाला नळाखाली कोपरापर्यंत साबण चोळत राहिला. वास काही जाईना.