मुसकं बांधणारी राइन्स्के

फ्रीसलंडमधल्या एका गावच्या जनावरांच्या दवाखान्यात राइन्स्के एकतीस वर्षं मदतनीस होती. "माझ्या हाताखालची कुत्री शेजाऱ्यालासुद्धा ऐकू जात नाही," असं ती अभिमानानं सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. गर्भपिशवी काढलेली कुत्री गुंगी उतरताना विव्हळायला लागली की राइन्स्के पट्टीनं तिचं मुसकं करकचून बांधायची आणि पिंजऱ्यावर घोंगडी टाकायची. तिची स्वतःची तीन बाळंतपणं झाली, तेव्हा कुणी तिच्या कपाळावर हात ठेवला नव्हता. दुसऱ्याच्या कळा म्हणजे तिला थेरं वाटत.

जुने डॉक्टर गेले आणि आफ्के नावाची तरुण डॉक्टरीण आली. पहिल्याच शस्त्रक्रियेला तिनं, कुत्री गुंगीत गेल्यावर, शेपटीच्या वर कमरेशी केस भादरले आणि मणक्यांच्या फटीत हलकेच सुई घातली.

"कमरेखालची कळ आता मेंदूपर्यंत जाणारच नाही," ती म्हणाली.

दुपारी त्या कुत्रीनं डोळे उघडले, मुकाट पडून राहिली, मग थोडं खाल्लंही. राइन्स्के हातात पट्टी घेऊन उभीच.

"म्हणजे तीस वर्षं आम्ही कसाई होतो म्हणा."

"तसं मी कुठं म्हटलं, राइन्स्केबाई?"

"म्हणायला कशाला पाहिजे?"

त्या दिवसापासून ती मालकांचे कान फुंकू लागली. मेंढपाळ विब्रेन आपल्या सिप या कुत्रीला त्याच शस्त्रक्रियेसाठी घेऊन आला, तेव्हा आफ्के आत तयारी करत होती.

"पाठीत सुई टोचली की मागचे पाय गेलेच समजा," राइन्स्के हळूच म्हणाली. "लंगडी कुत्री मेंढ्या वळते होय?"

विब्रेननं त्या सुईला नकार दिला. आफ्केनं परोपरीनं समजावलं, पण तो ऐकेना. तिनं साधं वेदनेचं औषध देऊन शस्त्रक्रिया केली. तेवढ्यात एका गोठ्यात गाय अडल्याचा निरोप आला.

"तिच्याजवळ बसा, आणि तोंड बांधू नका," एवढं राइन्स्केला सांगून ती गेली.

सिप जागी झाली ती ओरडतच. राइन्स्केनं तिचं मुसकं बांधलं, घोंगडी टाकली आणि कॉफी प्यायला गेली. आत सिपला ओकारी आली. तोंड बांधलेलं, ती बाहेर पडायला वाट नव्हती; सिप गुदमरून मेली.

आफ्के परतली, तेव्हा विब्रेन येऊन बसला होता.

"गुंगी सोसली नाही तिला," राइन्स्के त्याला सांगत होती.

आफ्केनं घोंगडी काढली, त्याच्यादेखत पट्टी सोडली आणि तोंड बांधल्यामुळं सिप गुदमरली, हे सांगितलं. विब्रेन राइन्स्केकडे वळला.

"तुम्ही म्हणालात म्हणून मी ती सुई नको म्हटलं," तो म्हणाला आणि कुत्रीला कोटात गुंडाळून निघाला.

राइन्स्केची नोकरी त्याच दिवशी गेली. तिसऱ्या दिवशी ती माफी मागायला विब्रेनच्या दारात उभी राहिली. शब्द वाटेत जुळवले होते. पण त्यानं दार उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, "तशी ती म्हातारीच झाली होती."

विब्रेननं दार लावून घेतलं. तिनं पुन्हा वाजवलं नाही.