आरशाचं तळं

मी दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात राहून केंद्र सरकारच्या फायलींवर शिक्के मारत होतो, तेव्हा माझ्या हातचं गणपतीचं मखर बघायला पार पानिपतहून लोक यायचे. लढाईनंतर मराठी माणसाची तिकडे एवढी चर्चा पुन्हा झाली नसेल. थर्माकोलचा महाल मी असा कोरायचो की कबुतरं जोडीने जागा बघून जायची. बायको म्हणते, एकच कबुतर आलं होतं, तेही खिडकी उघडी राहिली म्हणून. तिच्या साक्षीवर जाऊ नका.

कचेरीत मान फायलीवर असायची, पण मनात मी शहरं कापत बसायचो. इच्छा एकच : दिवसभर हेच करावं, मनात येईल ते, कोणाला न विचारता.

एका वर्षी आरतीला गुडगावचा एक बिल्डर आला. प्रसाद राहिला हातात आणि डोळे मखरावर. "मराठी बाबू, हमारे टावर का मॉडल बनाओगे?" टॉवर उभा राहायचा होता तिथे तेव्हा मोहरी डोलत होती. मी पोटदुखीची रजा टाकली आणि महिनाभरात सतरा मजले उभे केले.

आता मखर भिंतीला टेकवून ठेवतात. त्याला पाठ नसते. इतक्या वर्षांची सवय, टॉवरलाही मी पाठ केली नाही. बिल्डरने तो विक्रीच्या दालनात मधोमध ठेवला, भोवती एक प्रदक्षिणा घातली आणि मागून आत हात घातला. हाताला लागली माझी डिंकाची बाटली.

"पीछे क्या है?"

"पीछे का काम बारीक है," मी म्हणालो. "कल आएगा."

मागे काय येणार, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. घरी जाऊन बायकोच्या कपाटाचा आरसा काढला. टॉवरला पाठ लावली, मागे आरसा आडवा ठेवला, काठाने माडाची झाडं लावली, हरियाणात, आणि आइस्क्रीमच्या चमच्यांच्या दोन होड्या सोडल्या. तळं तयार.

रविवारी गिऱ्हाइकं आली ती थेट मागच्या बाजूला. सगळ्यांना लेकवालाच फ्लॅट हवा. बिल्डरने अशी मिठी मारली की माझ्या दोन बरगड्यांनी जागा बदलल्या. त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला आणि बिल्डरकडे मॉडेलं करायला लागलो. कचेरीबरोबर सरकारी क्वार्टरही गेलं.

"आरशापायी घर सोडणारे तुम्ही पहिलेच," बायको म्हणाली.

त्यानंतर मी तळीच केली. एकदा डोंगर केला, वर किल्ला, बुरुजावर मुंगीएवढा पहारेकरी. "बहुत सुंदर," बिल्डर म्हणाला, "इसके आगे लेक डाल दो." एकदा बाजार केला. त्यातही लेक. कचेरीत निदान मन मोकळं होतं, इथे त्याचीच हजेरी घेत होते. आणि पहिल्या टॉवरच्या मागे खरोखर काय आलं? दुसरा टॉवर. त्याचंही मॉडेल मीच केलं, तळ्यासकट.

अशाच एका रविवारी मी दालनात होडी चिकटवत होतो, तेव्हा एक जोडपं आलं. दोघंही कॉम्प्युटरवाली, पुण्याहून नुकतीच बदलून आलेली. माझं मराठी ऐकून बाई खूश झाली.

"काका, तळं नक्की होणार ना?"

विक्रीवाला शेजारीच उभा होता, पण त्याला मराठी कळत नव्हतं. मी ठरवलं, आज सांगून टाकायचं. नोकरी जाईल तर जाऊ दे, सुटेन तरी. त्याला संशय नको म्हणून तोंड हसरं ठेवलं.

"नाही होणार. हा नुसता आरसा आहे. मागे भिंत येईल. सगळं माझ्या डोक्यातलं आहे."

नवरा खो खो हसला. "आणि होड्या?"

"आइस्क्रीमचे चमचे. अहो, खरं सांगतोय."

"भारी आहेत हे काका," ती नवऱ्याला म्हणाली. "सोसायटीत अशी माणसं हवीत."

मी गंभीर व्हायला गेलो. जन्मभर थापा मारलेला चेहरा, त्याला दुसरी घडीच पडेना. मी जितका कळवळून सांगत होतो, तितकी ती दोघं पोट धरत होती. शेवटी डोळे पुसत त्याने फॉर्म मागितला.

विक्रीवाल्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. "अंकल, आपने तो बेच ही दिया."

पुढच्या रविवारपासून तळ्याशेजारी माझी खुर्ची लागली.