फुगलेलं पीठ आणि गार पडलेली गाडी

इंजिन बंद केल्यावरही मोटारीत थोडा वेळ फुकटची ऊब शिल्लक राहते, हे ज्ञान मला झालं नसतं तर माझ्या मुलीचं बारसं वेळेवर झालं असतं.

आम्ही मंगळवार पेठेत आणि बारशाचा हॉल रंकाळा तलावाजवळ. हॉलवर आचारी होता, पण इडल्या त्याच्या हातच्या नकोत, असं माझ्या सासूबाईंनी ठरवलं होतं. पहिल्या नातीच्या बारशाला इडली आज्जीच्याच पिठाची! सासूबाई निपाणीच्या. घरात कन्नड, बाहेर मराठी आणि माझ्याशी जवळजवळ मौन. लग्न होऊन काही वर्षं झाली, तरी "जेवला का?" आणि "येतो मग" यापुढं आमचं संभाषण गेलं नव्हतं. (दोन्ही वाक्यं त्यांचीच. मी नुसती मान हलवायचो.)

बारशाच्या पहाटे स्वयंपाकघरात बघतो, तर सासूबाई पिठाच्या मोठ्या डब्यापुढं डोळ्याला पदर लावून बसलेल्या. थंडीनं पीठ जिथल्या तिथं, जरासुद्धा फुगलेलं नाही!

"अव्वा, रडतीस काय? विकतच्या आणू की इडल्या," माझी बायको शुभांगी बाळाला थोपटत म्हणाली.

"समद्यांस्नी सांगून ठेवलंय गं!"

आणि इथं मी पुढं झालो. "पीठ गाडीत ठेवूया! इंजिन तापलं की त्यातलं पाणी तापतं. मग गाडी बंद करायची, किल्ली तेवढी चालू ठेवायची आणि हीटरचा पंखा लावायचा. ती सगळी ऊब आत येते. खर्च शून्य!"

"शून्य?" सासूबाईंनी विचारलं.

आमच्यातला हा पहिला नवा शब्द! मी इतका हरखलो, की डबा मागच्या सीटवर ठेवून, त्याला पट्टा बांधून, पिठाला रंकाळ्याची पुरी प्रदक्षिणा घालून आणली. मग गाडी दारात लावली, इंजिन बंद केलं, पंखा सोडला. काय ती ऊब! जरा लक्ष ठेवावं म्हणून पुढच्या सीटवर टेकलो. बाळ झाल्यापासून घरात कुणाला धड झोप नव्हती...

काचेवर थापा पडल्या तेव्हा ऊन वर आलं होतं. बाहेर सासूबाई, नवं कोरं इरकल लुगडं नेसून.

"फुगलं का ओ?"

मागं वळून पाहिलं. फुगलं होतं. झाकण एका अंगाला, पीठ पट्ट्यावरून ओघळत सीटवर, आणि तिथून खाली निघालेलं. पंखा मात्र गप्प. किल्ली फिरवली. टक्! पुन्हा फिरवली. तेवढंही नाही.

"बॅटरी उतरली?" शुभांगीनं विचारलं. मी मान हलवली. "बाळाला घेऊन मी रिक्षानं पुढं जाते. तुम्ही आणि अव्वा काय ते बघून घ्या!"

दुसरी रिक्षा मी थांबवली. रिक्षावाल्यानं गळणारा डबा बघितला. "पावणं, काल सीट बदलल्यात," म्हणाला आणि गेला.

शेवटी कोपऱ्यावरच्या तालमीतले चार पैलवान धावून आले. "आमी ढकलतो की! तुमी नुस्तं बसा!" मी स्टिअरिंगला बसलो. मागं सासूबाई, मांडीवर डबा, दोन्ही हातांनी बाळासारखा कवटाळलेला. पहिल्या धक्क्याला पीठ इरकलावर आलं.

"थांबवू का, अव्वा?" घाबरून मीही अव्वाच म्हणालो.

"थांबवताय कशाला? ढकला म्हणावं जोरात!"

गाडी सुरू झाली. मागून विचित्र आवाज येत होता. मला वाटलं, आता इंजिनही गेलं. आरशात बघितलं तर सासूबाई हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईतो हसत होत्या, आणि हात पिठाचे म्हणून ते पुसताही येईना.

मुहूर्त टळला होता, बाळ झोपलं होतं, पण इडल्या अशा झाल्या की आचाऱ्यानं स्वतः दोनदा वाढून घेतल्या. "एवढ्या थंडीत पीठ फुगलं कसं?" एका मावशींनी विचारलं.

"आमच्या जावयानं फुगवलं," सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. इरकलावरचे डाग त्यांनी पदरानं झाकलेसुद्धा नाहीत.

मी भलताच खूश. ढकलणाऱ्या पैलवानांना मी जेवायला बोलावलंच होतं, त्यांना आग्रह करकरून वाढलं. निघताना सासूबाई आपणहून पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी बसल्या. मी ऐटीत किल्ली फिरवली.

टक्!

एवढ्याशा अंतरात बॅटरी भरलीच नव्हती. मी पैलवानांकडं पाहिलं. चौघंही भिंतीला टेकून पोटावर हात ठेवून बसलेले.

"पावणं, आधी सांगायचं की ओ," त्यातला थोरला कळवळून म्हणाला. "आता वाकवत न्हाय!"

मी खाली उतरलो, रेशमी झब्ब्याच्या बाह्या वर सारल्या आणि गाडीला खांदा लावला. तेवढ्यात सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"जेवला का?"

"न्हाय, अव्वा."

"मग ढकलाल."